पंख्याचं विमान आणि आईचे कान

मंडळी, तासाभरापूर्वीची गोष्ट!

मुरबे गावी माहेरी आलेय. दुपारी लांबून घरघर ऐकू आली, पण विमान दिसेना. आतून पंच्याऐंशी वर्षांची आई ओरडली, "कॅमेरा घे गो! पंख्याचं इमान हाय, जेट नाय!"

मी अंगणात धावले. विमान माडांवरून गेलं, फोटो मिळाला. मोठा करून बघते तर खरंच दोन पंखे!

साठच्या दशकात याच अंगणात बाबा विमानांचे फोटो काढायचे. रोलमध्ये आठच फोटो. फुकट जायला नकोत म्हणून आई आधी आवाज ओळखायची, मगच बाबा बटण दाबायचे. प्रत्येक फोटोमागे विमानाचं नाव आणि सही मात्र बाबांचीच.

आजच्या फोटोखाली मी लिहिलंय: ओळखणारी, आई.

तुमच्या जुन्या फोटोंमागे कुणाचं नाव लिहायचं राहिलंय?