वरच्या तंबूतलं बिऱ्हाड

हंगाम संपला की पाहुणे जायचे, स्वयंपाकी जायचा, चादरी धुणाऱ्या बाया जायच्या, आणि टेकडीवर उरायचे ते तंबू आणि बिऱ्हाडमामा.

हे नाव स्वयंपाक्याने ठेवलेलं. कापडी तंबू रिकामा राहिला की आतून सडतो. समुद्राची ओल शिवणींत शिरते आणि तिथेच मुक्काम ठोकते. आत माणूस वावरला, शेगडी पेटली, दारं-खिडक्या उघडल्या-मिटल्या, तर कापड टिकतं. म्हणून वाऱ्यापावसाच्या महिन्यांत मामा आपली वळकटी, किटली आणि रेडिओ उचलून एका तंबूतून दुसऱ्यात राहायला जायचा. आठवडाभर इथे, मग आठवडाभर तिथे. स्वयंपाकी जाताना दरवर्षी म्हणायचा, "मामा, पोस्टमन आला तर त्याला कुठला पत्ता देऊ?" मामा म्हणायचा, "ज्यातून धूर दिसेल तो." पोस्टमन कधी येत नसे, ही गोष्ट वेगळी.

तंबू म्हणजे तरी कसले, कापडाचे बंगलेच. खाली लाकडी फळ्यांचा ओटा, आत रुंद पलंग, लोखंडी शेगडी, मागे नळ आणि आरसा, बाहेर पाय पसरायला आरामखुर्च्या. शहरातली माणसं मोटारी पायथ्याशी लावून वर यायची आणि निसर्गात राहायला आलो म्हणून एकमेकांचे फोटो काढायची. "यांच्या निसर्गाला गरम पाणी लागतं," स्वयंपाकी बादल्या उचलताना पुटपुटायचा. मामा हसायचा, पण त्याला ती माणसं आवडायची. ती कोणाची कोण, कुठून आली, पुढे त्यांचं काय झालं, यातलं काहीच आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला बरं वाटायचं.

ती गेल्यावर तंबूंत त्यांचं काहीबाही राहून जायचं. पलंगाखाली एखाद्या पोराचा मोजा, आरशाजवळ केसांची पिन, उशीला कुठल्यातरी तेलाचा वास. पलंग दोघांचा असायचा. मामा एका कडेला अंग चोरून झोपायचा, दुसरी बाजू तशीच मोकळी ठेवून. सवय कधी लागली ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तरुणपणी तो मेहुण्याच्या दुकानात ताडपत्र्या शिवायचा. दुकानांपुढची कापडी छपरं, होड्यांवरची आच्छादनं, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. लग्न जमता जमता राहिलं. आधी बहिणीचा संसार मार्गी लागू दे, मग दुकान जरा उभं राहू दे, असं करता करता एक दिवस लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. मेहुणा वारला. प्लास्टिकची छपरं आली. दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. बहीण मुलाच्या फ्लॅटवर गावात राहायला गेली आणि मामा टेकडीवर आला.

बहीण बोलवत नव्हती असं नाही. भाचा चांगला, भाचेसून त्याहून चांगली. पण मामा गेला की त्या घरातली माणसं थोडी हळू बोलायला लागायची. टीव्हीचा आवाज उतरायचा. भाच्याची मुलगी पुस्तकं गोळा करून आतल्या खोलीत जायची. त्याला बाहेरच्या खोलीतल्या चांगल्या खुर्चीवर बसवायचे, चहा हातात आणून द्यायचे. कोणी तोंड वाकडं करत नव्हतं. सगळे त्याच्यासाठी जागा करत होते, एवढंच. आणि जागा करून दिली की माणूस पाहुणा होतो, हे इतकी वर्षं पाहुण्यांची अंथरुणं घातलेल्या मामाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

टेकडीवर त्याच्यासाठी कोणी जागा करत नव्हतं. तिथे सगळी जागाच होती.

यंदा पाहुणे जाऊन महिना झाला असेल-नसेल, मालकीणबाई तंबू बघायला आल्या. वयाने त्याला मुलीच्या जागी शोभतील अशा. आधी कुठल्याशा बँकेत होत्या, तिथली खुर्ची सोडून हे उभं केलेलं. माणूस सरळ. खालचे तंबू बघून त्यांचा चेहरा खुलला. "मामा, नवे वाटतात हो," असं दोनदा म्हणाल्या. मग त्या टेकडीच्या माथ्यावरच्या, सगळ्यांत वरच्या तंबूकडे चढू लागल्या आणि मागून येणाऱ्या मामाची पावलं जड झाली.

आत शिरताच त्यांनी नाकाला रुमाल लावला. छताच्या शिवणींवर काळे ठिपके उठले होते. कोपऱ्यात हिरवट बुरशी धरली होती. बोट लावलं तर बोट काळं.

"इथे तुम्ही राहिलाच नाहीत."

"उघडत होतो की. दार, खिडक्या, सगळं."

"उघडलं का ते नाही विचारलं. राहिलात का?"

मामा पलंगाच्या खुराकडे बघत राहिला. खरं म्हणजे तो रोज दुपारी वर यायचा, सगळं उघडायचा, आणि उन्हं कलायच्या आत पुन्हा बंद करून खाली उतरायचा. आजवरची वर्षं तेवढ्यावर निभावली होती. यंदा ओल जास्त धरली.

"गुडघे," तो म्हणाला. "सारखं वर-खाली होत नाही हल्ली."

मालकीणबाईंनी त्याच्या गुडघ्यांकडे असं काळजीने पाहिलं की त्याला ते चोळणं भाग पडलं. उतरताना तो लंगडलासुद्धा. आणि कुठल्या पायाने लंगडायचं हे न ठरवल्यामुळे अर्ध्या वाटेत पाय बदलला. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. त्या पुढे चालत कसलातरी विचार करत होत्या.

त्यांचा फोन पुढच्या आठवड्यात आला. पाहुणे नसतानाच्या महिन्यांत तंबू यापुढे उतरवून ठेवायचे. गावात कोरडं गोदाम मिळालं आहे. "चूक माझीच आहे मामा. या वयात तुम्हाला तिथे एकट्याला ठेवायचं म्हणजे. उद्या पडलात झडलात तर कळणार कोणाला? मी तुमच्या ताईंशी बोलले. त्यांना तर आनंदच झालाय. हंगाम सुरू झाला की या तुम्ही, पाहुण्यांचं बघायला मला तुम्हीच लागणार."

मामाने बरं म्हटलं. फोन ठेवून त्याने किटली शेगडीवर चढवली. तिच्यात पाणी घातलेलं नाही हे जळका वास आल्यावर समजलं. एका थापेने त्याची टेकडी गेली होती, आणि तीही कोणी हिसकावून घेतली नव्हती. मायेने काढून घेतली होती. मायेशी भांडायचं कसं, हे त्याला येत नव्हतं.

दोन दिवसांनी बहीण आली, धापा टाकत, हातात जेवणाचा डबा.

"गुडघे दुखतात म्हणे तुझे."

"थोडे."

"उठून उभा राहा बघू."

"ताई, काहीतरीच काय."

"ऊठ म्हणते ना."

तो उठला.

"बस आता." तो बसला. "लबाड. तुझे गुडघे माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत. त्या बाईला फसवलंस, मला फसवू नकोस. काय झालंय?"

"काही नाही."

"मग चल की घरी. सुनेने पलंग रिकामा करून ठेवलाय. पोरगी म्हणाली, मी हॉलमध्ये झोपेन."

मामाने डबा उघडला, पुन्हा बंद केला. "तिला कशाला हॉलमध्ये झोपवता," तो म्हणाला.

बहीण त्याच्याकडे बघत राहिली. तिला कळलं असावं, कारण मग ती त्या विषयावर बोलली नाही. निघताना म्हणाली, "तुला राहायचं असेल तर राहा. पण खरं काय ते सांगून राहा. गुडघ्यांवर राहू नकोस."

मालकीणबाईंची कचेरी गावात, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत होती. मामा जिना चढून वर गेला तेव्हा त्यांनी आधी त्याच्या पायांकडेच पाहिलं.

"गुडघ्यांना काही झालेलं नाही," तो दारातूनच म्हणाला. बसल्यावर धीर जाईल असं त्याला वाटत होतं.

"मग?"

"वरच्या तंबूतून गाव दिसतं."

"दिसतं की. त्यासाठी तर लोक तो आधी मागतात."

"मागतात. ते चार दिवसांनी जातात." मामाने टोपी काढून हातात धरली. "खालच्या तंबूंतून नुसता समुद्र दिसतो. तिकडे तोंड करून बसलं की काही वाटत नाही. तिकडे कोणीच नसतं, आपणही नसतो. वर मात्र संध्याकाळ झाली की खिडक्या उजळायला लागतात. एक, मग शेजारची, मग सगळ्या. पाण्याच्या टाकीला लागून एक पिवळी खिडकी आहे, ती आमच्या ताईच्या स्वयंपाकघराची. ती उजळली की मला जेवण जात नाही."

मालकीणबाईंनी पुढ्यातला पेन उगाचच सरळ केला.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"हे काय सांगण्यासारखं आहे?"

मग त्या कामाचंच बोलल्या, आणि मामाला त्याचं बरं वाटलं. खालचे तंबू गोदामात जाणारच, ठरलं ते ठरलं. वरचा मात्र नेता येत नाही. बुरशी लागलेलं कापड इतरांबरोबर घडी करून ठेवलं तर सगळ्यांना लागेल. तो त्या टाकूनच देणार होत्या.

"धुऊन, घासून, उरलेला पावसाळाभर दार-खिडक्या उघड्या ठेवल्या तर वाचेल?"

"वाचेल."

"पण मग तिथेच राहावं लागेल, मामा. संध्याकाळीसुद्धा. दुसरा तंबूच नसणार."

मामाने टोपी डोक्यावर घातली. "राहतो," तो म्हणाला.

खालचे तंबू उतरले. ओटे उघडे पडले, जेवणं आटोपल्यावर मोकळ्या राहिलेल्या पाटांसारखे. मामाने वळकटी, किटली आणि रेडिओ वर नेला. दिवसभर तो मऊ ब्रशने शिवणी घासत राहिला, एकेक ठिपका, पाणी मारून, पुन्हा वाळवून. संध्याकाळ झाली. पुढचा पडदा वर गुंडाळून उघडा ठेवणं भाग होतं, नाहीतर दिवसभराची मेहनत पाण्यात. तो गावाकडे पाठ करून शेगडीपाशी बसला. मागे खिडक्या उजळत असणार. पाठीला ते जाणवत होतं, उन्हासारखं.

फोन वाजला. बहीण होती.

"पोचलास का वर?"

"पोचलो." त्याने मान वळवून बघितलं. "तुझी खिडकी दिसतेय."

"माझी? कुठली?"

"स्वयंपाकघराची. टाकीजवळची, पिवळी."

"अरे, आमचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला आहे. त्या बाजूला तर भिंत आहे नुसती. तुझी टेकडी आमच्याकडून कुठे दिसायला."

त्या घरात इतक्यांदा जाऊन मामा स्वयंपाकघरापर्यंत कधी गेला नव्हता. त्याला बाहेरच्या खोलीतच बसवत.

"मग ती कोणाची?"

"मला काय माहीत बाबा. असेल कोणाची तरी. जेवलास का?"

"जेवलो," तो म्हणाला. जेवण शेगडीवर होतं.

फोन ठेवल्यावर तो उठून दारापाशी आला. पिवळी खिडकी होती तिथेच होती. इतकी वर्षं ती चुकवत आलो, आणि ती आपली कोणीच नव्हती. त्याला हसू आलं नाही, रडूही नाही. छातीत एक जागा मोकळी झाली आणि तिथे काय ठेवायचं ते सुचेना.

त्याने ताट वाढून घेतलं आणि खुर्ची ओढून दारात बसला, गावाकडे तोंड करून. अनोळखी माणसं राहत होती तिथे. अनोळखी माणसांकडे बघत बसणं त्याला जमत आलं होतं, सगळा हंगाम तो तेच करायचा. पिवळ्या उजेडाआड कोणीतरी आलं असावं. खिडकी क्षणभर मंदावली आणि पुन्हा उजळली. तो जेवू लागला, हळूहळू, पहिला घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवून.