पहाऱ्यावरची पंगत

आमच्या धर्मादाय रुग्णालयाला त्या कैद्याचा काडीचाही त्रास झाला नाही. त्रास झाला तो त्याच्या पहारेकऱ्यांचा.

नव्या शतकाची ती पहिली वर्षं. नवऱ्याला ऑकलंडमध्ये आयटीतली नोकरी होती, माझ्या पुण्याच्या एम.कॉम.ला मात्र इथे कुत्रं विचारत नव्हतं. शेवटी माउंट रॉस्किलच्या आमच्या भाड्याच्या घरापासून बसने जाता येईल अशा एका छोट्या रुग्णालयात मी स्वयंपाकाला लागले. जुना लाकडी बंगला, आठ खाटा, ट्रस्टचा कारभार. मोठ्या हॉस्पिटलने सोडलेली, पण घरी बघायला कुणी नसलेली म्हातारी माणसं तिथे असत. देणगीत येतील त्या भाज्या उकडायच्या आणि मीठ घालायला विसरायचं, एवढाच माझा स्वयंपाक.

एके दिवशी तिथे एक म्हातारा कैदी आणला. फुप्फुसं पार गेलेली, चार पावलं टाकली की धाप लागायची. तरी पाय साखळीने खाटेला बांधलेला आणि शेजारी दोन धिप्पाड पहारेकरी. हा पळून जाईल असं त्या दोघांनाही वाटत नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. त्याने काय गुन्हा केला होता ते मी विचारलं नाही. कळलं असतं तर वाढताना हात आखडला असता, अशी मला भीती वाटली.

त्याला सूप द्यायला गेले तेव्हा पहारेकऱ्यांनी आपापले डबे उघडले होते. पांढऱ्या पावाच्या दोन चकत्या आणि मध्ये काहीतरी पातळ. माझ्या आईकडे जेवणाच्या वेळी मीटर बघायला आलेला माणूससुद्धा जेवल्याशिवाय सुटत नसे. मला काही ते बघवेना. मी माझ्या डब्यातली पोळी-भाजी त्यांच्यापुढे ठेवली. "नियमात बसत नाही," असं म्हणत त्यांनी ती संपवली.

मग माझी भीड चेपली. देणगीत भोपळ्यांचा ढीग आलेला होता, त्याचे मी घारगे तळले. दुसऱ्या दिवशी पहारेकरी ड्यूटीच्या तासभर आधी हजर. जुनी जोडी सुटली तरी जाईना. नवी जोडी जेवते आहे तर सोबत म्हणून तीही बसायची. तुरुंगात म्हणे आमच्याकडच्या ड्यूटीसाठी भांडणं होऊ लागली. एक जण सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन आला, "पहारा कसा चालतो ते दाखवायला". बैठकीतल्या आज्यांनी आधी तक्रार केली, मग एका पहारेकऱ्याच्या दोन्ही हातांत लोकर अडकवून तिचे गुंडे करायला घेतले.

पाठोपाठ तुरुंगाने आणखी दोन कैदी धाडले. एकाची कंबर धरली होती, दुसऱ्याचा पाय मुरगळला होता. तो कुठला पाय ते त्यालाही रोज आठवावं लागे. त्यांच्याबरोबर अर्थातच चार पहारेकरी.

"अगं, तू किचन चालवतेयस की जेलची ब्रँच?" नवरा म्हणाला.

रुग्णालय सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंनी मात्र हे हसण्यावारी नेलं नाही. तीन खाटा कैद्यांनी अडवलेल्या आणि बाहेर म्हाताऱ्या बायका खाटेसाठी थांबलेल्या. "हे रुग्णालय आहे," त्या मला म्हणाल्या. "शुक्रवारी तिन्ही कैदी परत जातील."

ते म्हाताऱ्याच्या कानावर गेलं. मी ताट उचलायला गेले तर त्याने माझी बाही धरली. "मला परत पाठवू देऊ नकोस," तो धापा टाकत म्हणाला. "तिथे खिडकीतून भिंत दिसते." आमच्या खिडकीतून लिंबाचं झाड आणि वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. तो दिवसभर त्या चादरी बघत पडलेला असे. तेवढंच मागत होता तो, आणि ते माझ्या तळणीपायी जाणार होतं. मला रडूच आलं.

मी मेट्रनबाईंना म्हटलं, "गर्दी मी कमी करते, एवढ्या एकाला राहू द्या." आणि त्या दिवसापासून पहारेकऱ्यांना घासही दिला नाही. ते दाराशी येऊन वास घ्यायचे, मी पाठ फिरवून उकडलेले वाटाणे ढवळायची. मला स्वतःलाही जेवण जाईना. पण गुण आला. मुरगळलेला पाय बरा झाला, धरलेली कंबर सुटली, दोघे परत गेले.

तेवढ्यात तुरुंगाचा फोन आला. आमच्याकडच्या ड्यूटीला आता कुणी यायला तयार नाही, माणसं कमी आहेत, सबब म्हाताऱ्याला सोमवारी परत नेत आहोत. म्हणजे खायला घातलं तरी त्याने जायचं आणि नाही घातलं तरी जायचं!

मेट्रनबाई फोन ठेवून स्वयंपाकघरात आल्या. मला वाटलं, संपलं. त्यांनी कोपऱ्यातला भोपळा उचलला, माझ्यापुढे आदळला आणि म्हणाल्या, "दोघांपुरतं. तिसरा दिसला तर तुला हाकलीन."

म्हातारा राहिला. उन्हाळा संपता संपता, एका सकाळी चादरी वाळत असताना, तो गेला.

डॉक्टरने येऊन लिहून देईपर्यंत तो कैदीच होता, त्यामुळे साखळी काढायची नाही असा नियम. डॉक्टर मोटरवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलेले. दोघे पहारेकरी मेलेल्या माणसावर पहारा देत बसले. जेवणाची वेळ झाली तशी मी सवयीने दोन ताटं नेली.

"आज नको," थोरला म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा मी आग्रह केला नाही. ताटं तशीच हातात धरून उभी राहिले. त्याने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने उठून दार लोटून घेतलं. मग थोरल्याने खिशातून किल्ली काढली, साखळी सोडवली आणि घोट्यावर उमटलेला वळ अंगठ्याने हलके हलके चोळायला लागला. डॉक्टर आले तेव्हाही तो चोळतच होता.