एका पुस्तकात दोन मरणं

ह्यांची कादंबरी छापायला जायच्या आधी तिच्यातलं एक प्रकरण काढून टाकलं. ते आमच्या मुलीचं होतं.

मुलगी लहानपणीच तापात गेली. तिचा फोटो काढायचा राहूनच गेला. मुलगा तिच्यानंतरचा. सासूबाईंच्या धाकानं घरात तिचा विषय कुणी काढत नसे, त्यामुळे त्याला काही माहीत नव्हतं. हिंजवडीच्या कंपनीत लागल्यावर त्यानं घरी कंप्युटर आणला आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांचं लिखाण टाइप करायला घेतलं. एकदा तो मधेच उठून माझ्यापाशी आला.

"आई, मला ताई होती?"

मी त्याला सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. पोळी आमटीत बुडवायच्या आधी ती बोट बुडवून चाटायची, ते ह्यांनी लिहिलं होतं. सासूबाईंचं बोलणंही जसंच्या तसं होतं, "पोरीच्या जातीला काही होत नाही. डॉक्टर कशाला?" तेव्हा हे दारात उभे होते आणि गप्प राहिले, तेही होतं. माझ्याशी ह्यातलं अक्षर कधी बोलले नाहीत. पण लिहिलं तरी, म्हणून मला बरं वाटलं.

मग प्रकाशक आमच्या नारायण पेठेतल्या घरी आले. मी चकल्या ठेवल्या.

"पुस्तक जाड झालंय," ते म्हणाले. "आणि एका पुस्तकात दोन मरणं वाचकाला झेपत नाहीत. मुलीचं काढा. ती पुढे कुठे येतच नाही."

"मेल्यावर कशी येणार?" हे म्हणाले. दोघंही हसले.

"तुमच्या आईचं मरण मात्र सुरेख उतरलंय. पण ह्याच आजीनं नातीसाठी डॉक्टर येऊ दिला नाही, हे आधी वाचल्यावर शेवटी तिच्यासाठी कोण रडेल हो? वहिनी, चकल्या झकास!"

ते गेल्यावर मी धीर करून म्हटलं, "अहो, मुलीचं राहू द्या ना."

"वा! म्हणजे आता संपादन स्वयंपाकघरातून होणार. तुझ्या चौथीपर्यंतच्या शाळेत शिकवलं होतं का हे?"

मी चकल्यांची ताटली उचलून आत नेली. मुलानं ते प्रकरण पुसलं आणि मला कौतुकानं दाखवलं, "बघ आई, पुढच्या पानांचे आकडे आपोआप सरकले. मधे काही होतं हे कळतसुद्धा नाही."

"कुठे ठेवलंयस का ते?"

"बाबा म्हणाले, नको. कागदही रद्दीत दिले त्यांनी."

पुस्तक गाजलं. एका कार्यक्रमात कुणीतरी ह्यांना विचारलं, लेखक लिहिलेली प्रकरणं का काढून टाकतात?

"लेखकाला मोह आवरता आला पाहिजे," हे म्हणाले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत इरकल नेसून मीही बसले होते. सगळे बघत होते, म्हणून मीही वाजवल्या.

नंतर एका बाईंनी माझे हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. "काय भाग्य हो तुमचं, अशी सासू मिळाली! शेवट वाचताना मला रडू आवरेना." मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "आणि हे चिरंजीव? एकच का?"

मला पटकन बोलता येत नाही. मी तोंड उघडेपर्यंत हे म्हणाले, "हो, एकच."

मुलगा शेजारीच उभा होता. तो मोबाइलमध्ये बघत राहिला.