खिडकीतली उशी

जर्मनीतल्या कोलोनमधला आमचा शेवटचा दिवस. "संग्रहालय राहिलंय, चल," नवरा म्हणाला. मी बाकावरून हलले नाही. समोरच्या घरात एक आजीबाई खिडकीत उशी ठेवून, तिच्यावर कोपरं टेकून रस्ता बघत होत्या. इथली जुनी माणसं अशीच बघत बसतात म्हणे. तास झाला, हातात विणकाम नाही, फोन नाही. नुसतं बघण्यासाठी उशी घेणारी बाई मला फार आवडली. आपल्याकडे रिकामी बसलेली बाई दिसली, की कोणीतरी तिच्यापुढे निवडायला मेथी आणून ठेवतं.

नवरा एकटाच गेला. आजींनी हात हलवला, मीही हलवला.

घरी विचारतील, शेवटच्या दिवशी काय पाहिलंस? सांगेन, नुसती बसले होते. आणि हे सांगताना माझ्याही कोपरांखाली उशी असेल.