पट्ट्याला पडलेला झोळ

देव आहे की नाही, या प्रश्नावर माझे साडू एक वेळ समोरच्याचं ऐकून घेतील. पण रणगाड्याच्या पट्ट्याला वरच्या बाजूनं झोळ पडलाच पाहिजे, या बाबतीत ते ब्रह्मदेवाचंही ऐकणार नाहीत. खरा पट्टा पोलादाचा, वजनानं जड, तो चाकांवर थोडा ओघळून बसतो. साडू हौसेनं जोडतात त्या मॉडेलच्या खोक्यातले प्लॅस्टिकचे पट्टे मात्र ताणलेल्या नाडीसारखे सरळ. म्हणून साडू खोकं उघडलं की आधी ते पट्टे फेकतात आणि परदेशातून रेझिनचे मागवतात. ते भलतेच ठिसूळ. गरम पाण्यात मऊ करून हळूच चाकांवर वाकवायचे. अख्खा रणगाडा साबणाच्या वडीएवढा आणि पट्ट्याची एकेक कडी तिळाएवढी. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल देणारा हा माणूस निवृत्तीनंतर स्वतःच भूल चढल्यासारखा त्या कड्यांपुढे बसलेला असतो.

गरम पाण्याचं भांडं म्हणजे हाताशी येईल तो चहाचा कप. एकदा माझ्या बायकोच्या चहात तळाशी पट्ट्याचा तुकडा निघाला. माफी मागायचं राहिलं बाजूला, साडूंनी चहा पुरेसा कडकडीत गरम होता का ते विचारलं आणि तुकडा तिथल्या तिथे वाकवून घेतला. मेव्हणीचा हेअर ड्रायर रंग वाळवायला गेला तो गेलाच. लंडनजवळ पिनरला आमच्याकडे आले असताना रस्ता खोदणाऱ्या डिगरचा पट्टा ते ओणवे होऊन इतका वेळ न्याहाळत राहिले, की कौन्सिलचा माणूस तपासणीला आला असं समजून कामगारांनी हातातले चहा टाकून खणायला सुरुवात केली. आमच्या गल्लीचं काम त्या दिवशी जेवढं झालं तेवढं पुन्हा कधी झालं नाही.

साडूंच्या शेजारी एक म्हातारे गोरे गृहस्थ राहायचे. तरुणपणी ब्रिटिश सैन्यात असताना जर्मनीत त्यांनी रणगाडा चालवला होता. त्यांची लेक त्यांना एडिनबराला आपल्याजवळच्या केअर होममध्ये नेणार होती, आणि निघायच्या आत त्यांच्या त्या रणगाड्याचं मॉडेल त्यांच्या हातात द्यायचं, असा शब्द साडू देऊन बसले होते. शनिवारी सकाळी व्हॅन यायची होती. मी शुक्रवारी दुपारी पोचलो तेव्हा डावा पट्टा बसला होता आणि उजव्याचे दोन तुकडे टेबलावर पडले होते. खोक्यातला प्लॅस्टिकचा लावून टाका, असं मी सुचवलं. त्यावर साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सत्यनारायणाला अंडं आणा म्हणालो होतो. मग मान खाली घालून, आजवर कुणाला हात लावू न दिलेला चिमटा त्यांनी माझ्यापुढे धरला.

"तू लाव. माझा हात हल्ली स्टेडी राहत नाही."

गेले कित्येक महिने ते कप दोन्ही हातांनी का धरतात, हे तेव्हा मला कळलं. पण त्यावर बोलायला वेळ नव्हता. ते सांगत गेले, मी शिव्या खात तुकडे बसवले, सुपरग्लूनं पक्के केले. साडूंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि छान झालंय म्हणाले.

शनिवारी म्हाताऱ्यांनी रणगाडा तळहातावर घेतला, फिरवून पाहिला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. उजवा पट्टा मी उलट्या दिशेनं लावला होता, कड्यांवरची नक्षी डाव्याच्या बरोबर विरुद्ध. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनीही नेमकं हेच केलं होतं, सार्जंटनं भर पावसात तो काढून पुन्हा घालायला लावला होता. ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, असं ते विचारत होते. माझे साडू बारीक अभ्यास करतात, असं साडूंनी माझ्याकडे बोट दाखवून गंभीरपणे सांगितलं. व्हॅन निघाली तेव्हा रणगाडा म्हाताऱ्यांच्या मांडीवर होता.

घरात आल्यावर मी ओशाळून म्हणालो, एवढं भिंग लावून पाहिलंत, मग लक्षात कसं आलं नाही?

"आलं होतं की. कालच. पण बोललो असतो तर तू परत चिमटा हातात धरला नसतास. आणि मला यापुढे कुणीतरी लागणार आहे."

आता महिन्यातला एक रविवार मी साउथहॅम्प्टनला असतो. मी कड्या वाकवतो, साडू शेजारी बसून चुका काढतात. त्यांचे हात मांडीवर असतात, एकानं दुसऱ्याला घट्ट धरलेले.