बॅडमिंटनचा नंबर

जुन्या जालन्यातल्या आमच्या बॅडमिंटन हॉलमध्ये एकच कोर्ट आहे, म्हणून एकवीस गुणांचा गेम संपला की बाहेर यायचं, असा नियम. रोज खेळायला येणारा एक माणूस या नियमाचा पहारेकरीच. रेषेला चिकटून उभा राहतो आणि कुणी घाम पुसायला थांबलं की म्हणतो, "जल्दी करा भाऊ, लोकं थांबून राह्यलेत." स्वतःचा नंबर लवकर लागावा म्हणूनच ही घाई, अशी माझी खात्री होती.

आठवडाभर दोन नव्या बायका रॅकेट धरून भिंतीशी उभ्या राहत होत्या. आम्ही "बघू नंतर" म्हणायचो आणि आपसातच गेम लावायचो. परवा त्याचा नि माझा नंबर आला. तो कोर्टात उतरला, थांबला आणि वळून त्यांना म्हणाला, "या ताई, आमचा नंबर तुम्ही घ्या."

माझाही गेम गेला. मी चिडून विचारलं, "तुमच्या कोण लागतात या?"

"कोणीच न्हाई," असं म्हणून त्यानं बूट बदलले आणि निघून गेला.

मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या बायकांनाच विचारलं. त्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं.