रापणीची दोन टोके

कट्टा गावाहून मालवणला जाणाऱ्या एसटीत एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर समुद्र रंगवलेला पुठ्ठा, त्यावर काजूबियांचे मासे आणि त्यांच्याभोवती सुतळीचे जाळे. कॉलेजसाठी ती रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासे धरण्याचा, व्हिडिओ गेम बनवत होती. संगणकावर घेण्याआधी तो असा हाताने खेळून बघायचा, आणि आज अकरा वाजता सरांना दाखवायचा. दोन खेळाडूंनी जाळ्याची दोन टोके किनाऱ्याकडे ओढायची. ज्याचे टोक आधी पोचेल तो जिंकला, असा तिचा नियम होता.

पुढच्या सीटवरची मासेवाली मागे वळून बघत होती. "एक टोक फुडे गेला तर मासे पळतले गो! रापण कधी वडलंस काय?"

"नाय," मुलगी हसून म्हणाली. तिने वहीतला नियम खोडला आणि लिहिले : दोन्ही टोके बरोबर आली तरच मासे.

"आज दाखवायचं आणि आता बदलतेस?" मी विचारले.

"आज दाखवूचा आसा म्हणानच."

तिने एक टोक माझ्या हातात दिले. "माका सोडून फुडे जाव नकात."

आम्ही दोनदा हरलो. मालवण येता येता सगळ्या काजूबिया किनाऱ्याला लागल्या.